टोर्बेनची तीन वर्षं

“शनिवारी टोर्बेनला काढू या,” स्तमातिया कुंपणाच्या भिंतीपलीकडून म्हणाली, आणि मी पिळून झालेली चादर पुन्हा पिळायला लागले. बटाटे काढू या म्हणावं इतक्या सहज ती म्हणाली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, नवऱ्याला काढलेलं, दोन दिरांना काढलेलं, सासूला तर स्वतःच्या हातांनी धुतलेलं. तिला त्यात काय. “खणायला अर्गिरिसला सांगितलंय मी. सकाळी आठला. आपल्या पाद्री पापांना नंतर खालच्या गावात बाप्तिस्मा द्यायचा आहे, तेव्हा उशीर नको. वाईन माझी घेऊ. तुझी ती दुकानातली आणू नकोस, तिनं हाडं धुवायची म्हणजे मेलेल्याची चेष्टा.” मी बरं म्हटलं. तिनं कपड्यांचा चिमटा दातांत धरून मला निरखून पाहिलं. “तीन वर्षं तूच वाट बघत होतीस ना, पोरी? मग तोंड का असं?” सदुसष्ट वर्षांच्या मला, इंगेरला, पोरी म्हणणारं माणूस आता जगात तेवढं एकच उरलं होतं. वारा आहे, डोळ्यांत धूळ गेली, असं काहीतरी मी म्हणाले. वारा तर इथे रोजच असतो.

वाट बघत होते हे खरं होतं. आमच्या गावाची स्मशानभूमी म्हणजे दोन खडकांमधली मातीची चिंचोळी पट्टी, तिच्यात अठरा जणांची जागा. मेलेल्यांनाही नंबर लावावा लागतो. तीन वर्षं झाली की माणसाला उकरायचं, हाडं वाईननं धुवायची, उन्हात वाळवायची, पेटीत घालून चॅपेलमागच्या खोलीत फळीवर ठेवायची, की खड्डा पुढच्याला मोकळा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती. पस्तीस वर्षांची होते, डेन्मार्कहून या ग्रीक बेटावर नुकती आलेली, आणि माझा नवरा टोर्बेन मात्र पलंगावर उठून बसून म्हणत होता, किती सुंदर आहे हे, किती साधं. त्याला सगळंच सुंदर आणि साधं वाटायचं, कारण पाणी मी भरायचे. पण तो गेला तेव्हा याच चालीचा मी आधार घेतला. तीन वर्षं, फक्त तीन. मग तो पेटीत मावेल, पेटी पिशवीत मावेल, आणि मी त्याला घेऊन डेन्मार्कला, ऑर्हुसला परत जाईन, माझ्या बहिणीकडे, गुद्रुनकडे. तिच्या खालच्या मजल्यावरची नर्स भाड्यानं मागत असूनही तिनं अंगणाकडची खोली माझ्यासाठी धरून ठेवली होती. एकोणतीस वर्षं मी तुझ्या गावात काढली, आता तू माझ्या गावात राहा, असं मी त्याला रोज संध्याकाळी कबरीवरच्या दिव्यात तेल घालताना सांगायचे. मोठ्यानं नाही. आमच्यात मोठ्यानं काही बोलायची पद्धतच नव्हती.

पेटीसुद्धा तयार होती. खालच्या गावातल्या सुतारानं मला विचारलं होतं, माणूस केवढा होता? साडेसहा फूट, मी म्हटलं. त्यानं शीळ घातली. पेटीची लांबी मांडीच्या हाडावर ठरते, आणि इथली माणसं बुटकी. तयार पेट्यांत टोर्बेन बसलाच नसता. “जिवंत होता तेव्हा माझ्या दारात डोकं आपटायचा,” सुतार म्हणाला, “आता पेटीतही आपटेल.” आम्ही दोघं हसलो. त्यानं सरूचं लाकूड वापरलं, बिजागऱ्या पितळी लावल्या, आणि झाकणावर नाव कोरताना एक अक्षर गाळलं तेही मी त्याला सांगितलं नाही. वर्षभर ती पेटी माझ्या पलंगाखाली होती. हिवाळ्यातल्या चादरी मी तीतच ठेवायचे. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, आणि आता वाटतं ते तेव्हाच वाटायला हवं होतं, की ज्या बाईला नवऱ्याच्या हाडांच्या पेटीत चादरी ठेवता येतात ती कुठल्या मनानं ती हाडं उचलून नेणार आहे.

लेकीला, सिग्नेला फोन केला. ती पिरेअस बंदरात बोटींची तिकिटं विकते, चार वर्षांची असताना इथं आली आणि सहाव्या वर्षी डेनिश विसरली. माझ्याशी ग्रीकच बोलते, तेही इथल्या गावंढळ हेलात. “शनिवारी माझी ड्युटी आहे, आई. आणि खरं सांगू, मला बघवणार नाही.” मग म्हणाली, “तू जा ना गुद्रुनमावशीकडे. खुशाल जा. पण बाबांना कशाला नेतेस? ते इथं सुखात होते.” मी म्हटलं, मीही होते का, ते कधी विचारलंस? “आई,” ती म्हणाली, “तू कधी बोललीस?” तिच्या मागं कुणीतरी नाक्सोसची दोन तिकिटं मागत होतं. तिनं मला थांब म्हटलं आणि ती दोन तिकिटं विकली, आणि तेवढ्या वेळात मी फोन ठेवून दिला. लेकीशी भांडण होईल असं वाटलं की मी नेहमी फोन ठेवते. तिच्या बापाशीही मी असंच करायचे, फक्त तेव्हा फोन नव्हता, मी भांडी घासायला जायचे.

एक वर्ष राहायचं ठरलं होतं. टोर्बेन शाळेत गणित शिकवायचा, त्यानं एक वर्षाची बिनपगारी रजा घेतली होती. मी पालिकेच्या वाचनालयात होते, मलाही वर्षभर जागा राखून ठेवू म्हणाले होते. ऑर्हुसचा फ्लॅट आम्ही कुलूप लावून ठेवला होता, फुलझाडं शेजारणीकडं दिली होती. मग एक दिवस, इथं येऊन दहा महिने झाले असतील, मी फोटिसच्या दुकानात कांदे आणायला गेले. पुढं दुकान, मागं कॉफीची टेबलं, तशी त्याची जागा. आत शिरले तर सगळे पुरुष खुर्च्यांवरून उठले. फोटिस काउंटरमागून बाहेर आला, त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, “मुळं धरोत, बाई, मुळं धरोत.” एकामागून एक सगळे तेच. इथं कुणी घर घेतलं की असंच म्हणतात. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी घर. मी हसून मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. स्तमातियाच्या दिराचं घर आम्ही घेतलं होतं. टोर्बेननं आदल्या दिवशी सगळ्यांना ऊझो पाजली होती, ऑर्हुसचा फ्लॅट विकल्याबद्दल आणि हे घर घेतल्याबद्दल. सह्या पत्रानं झाल्या होत्या; फ्लॅट त्याच्या वडिलांचा, माझी सही लागतही नव्हती. अख्ख्या गावाला ठाऊक, कांदे घ्यायला आलेल्या बायकोला नाही. आणि मी काय केलं? मी थँक्यू म्हणाले. त्यांच्या भाषेत, नीट, व्याकरणासकट. फोटिसनं कांद्यांसोबत एक मूठभर लसूण फुकट घातला.

तेव्हा मी काय करायला हवं होतं याचा विचार मी किती वेळा केला असेल. कांदे तिथंच टाकून घाट उतरून बोटीवर जाऊन बसायला हवं होतं. सिग्नेला काखोटीला मारून. घरी आले तर टोर्बेन ओट्यावर बसून होता, एखादं भांडं फोडून बसलेल्या मुलासारखा. तो म्हणाला, तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. मी म्हटलं, दिलास. बस, एवढंच. ती गोष्ट आमच्यात पुन्हा कधी निघाली नाही, अठ्ठावीस वर्षं. मी कांदा चिरला. मी त्याच्याशी कडवट वागले का? नाही, मी फार चांगली वागले. लोक अजून सांगतात. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायला शिकला, त्याचे हात काळे झाले, गाव त्याच्यावर जीव टाकायचं, आणि मी त्याच्या शर्टांचे ग्रीसचे डाग राखेनं घासून काढायचे आणि प्रत्येक डागाबरोबर मनात म्हणायचे, हा आणखी एक. वाचनालयाचं पत्र आलं, जागा भरली म्हणून. ते मी त्याला दाखवलंही नाही. दाखवलं असतं तर त्यानं माफी मागितली असती, आणि मला ती नको होती. माफी मागून तो मोकळा झाला असता.

तो फेब्रुवारीत गेला. तीन आठवडे पाऊस, भिंतींना बुरशी, त्याची छाती भरलेली, डॉक्टरची बोट लाटांमुळे येईना. शेवटच्या रात्री तो सारखं थंडी म्हणत होता. मी तीन गोधड्या घातल्या, चौथी माझ्या अंगावरची घातली, तरी थंडी, इंगेर, हाडांत थंडी. सकाळी तो संपला तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. त्याचा लोकरीचा स्वेटर घातला, त्याच्यावर त्याचा पिवळा रबरी रेनकोट, मासेमारीला जाताना घालायचा तो, गळ्यापर्यंत बटणं लावून. आणि माझ्या टोमॅटोंवर घालायचं जाड प्लास्टिक होतं, ते शवपेटीत खालून वरून दोन पदरी घातलं, कडा आत दुमडून. आमच्याकडे, उत्तरेत, ओल म्हणजे वैरी. लहानपणापासून सगळं ओलीपासून वाचवायचं एवढंच शिकवलेलं. स्तमातिया सुती चादर घेऊन आली होती, ती दारातच थांबली. “हे काढ, पोरी. मातीला तोंड तर लावू दे.” मी म्हटलं, तो भिजेल. “भिजायलाच चाललाय तो,” ती म्हणाली. मी ऐकलं नाही. म्हातारीचं काहीतरी खूळ, असं वाटलं. माणूस आपल्या शहाणपणानं जे करून बसतो ते शत्रूलाही जमत नाही. त्या दिवशी मी ते त्याच्यावरच्या मायेनं केलं, एवढं मला नक्की माहीत होतं. आता विचाराल तर तेवढंही नक्की सांगता येत नाही.

शनिवारी स्वच्छ ऊन होतं. सात-आठ बायका आल्या होत्या, परात, वाईनची बुधली, पांढरं फडकं घेऊन. फोटिस आला होता, बाहेर भिंतीला टेकून दोन-तीन पुरुष. मी पेटी आणली होती, चादरी काढून. पापा लेफ्तेरिसनी घड्याळ पाहून मंत्र सुरू केले. अर्गिरिस खणत होता. त्याचा हात सराईत, शेवटी शेवटी तो फावडं टाकून गुडघ्यावर बसला आणि हातांनी माती बाजूला करायला लागला, कारण आधी डोकं काढायचं, ते बायकोच्या हातात द्यायचं, तिनं त्याला ओठ लावायचे. मी हात पुढं करून उभी होते. माझ्या मनात तेव्हा बोटीची वेळ होती, हे मी लपवत नाही. सोमवारची सकाळची बोट. मग अर्गिरिसचे हात थांबले. रबराचा वास आला, दुकानात नव्या बुटांचा येतो तसा. तो वर न बघता म्हणाला, “पापा, जरा इकडं या.” मी वाकले. माती झटकलेल्या जागी, कुजलेल्या फळ्यांमधल्या प्लास्टिकखाली पिवळा रंग होता, नवाकोरा, आणि बटणं गळ्यापर्यंत लावलेली. अर्गिरिसनं फडकं टाकून चेहरा झाकला, पण त्याआधी मी पाहिलं होतं. मी ते सांगणार नाही. एवढंच म्हणते, की तो गेलेला नव्हता. तीन वर्षं मी ज्याच्याशी बोलले तो गेलेला नव्हता.

बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली, एकीनं तीनदा थुंकल्यासारखं केलं. माणूस मातीनं घेतला नाही तर त्याचं इथं एकच कारण. कुणाच्यातरी मनात त्याच्याबद्दल गाठ आहे; ती सुटल्याशिवाय माती त्याला घेत नाही. स्तमातिया काठाशी आली आणि म्हणाली, “ज्याला जे असेल ते म्हणून टाका. बिचाऱ्याला अडकवू नका.” मग एकेक जण पुढं येऊन खड्ड्यात बघून बोलू लागला. फोटिस म्हणाला, “माझा रेडिओ उघडलास आणि तो पुन्हा कधी बोलला नाही. माफ, टोर्बेन. देवही करो.” अर्गिरिस म्हणाला, “सोंगट्यांत तू मला बोलून बोलून हरवायचास. माफ.” स्तमातिया म्हणाली, “माझ्या अंजिराची फांदी न विचारता तोडलीस. माफ केलं, पोरा.” कुणीतरी हळूच हसलं, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्याशा गोष्टी. एका माणसानं एकोणतीस वर्षांत गावाचं एवढंच वाकडं केलं होतं. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. संशयानं नाही, चांगुलपणानं पाहिलं, बायकोचं आपलं रीत म्हणून शेवटी. मी काठाशी गेले. आणि माझ्या तोंडून ते इतकं स्वच्छ, इतकं सहज बाहेर पडलं, की मीच दचकले. “मी तुला माफ केलं, टोर्बेन. देवही करो.” या भाषेत खोटं बोलायला मला कधीच अडचण आली नाही. पहिलं तर फोटिसच्या दुकानातच बोलले होते. मन त्या क्षणी काय म्हणत होतं? ते म्हणत होतं, बघ, अजून आहेस ना, मग आता ऐक. आणि ऐकवायला सुरुवात करणार तेवढ्यात पापांनी पुस्तक मिटलं.

“बाई, यात पाप-बिप काही नाही,” ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “रबर आणि प्लास्टिक. मागं एका कप्तानाचं असंच झालं होतं. अर्गिरिस ते सगळं कापून काढेल, सुती चादरीत परत ठेवू. आणखी तीन वर्षं.” तीन वर्षं, मी म्हटलं. “माती काय करणार, तिच्या वेगानंच करणार. तुम्ही आता घरी जा, हे बघू नका.” त्यांना बाप्तिस्म्याला उशीर होत होता. मी पेटी उचलली. रिकामी असूनही ती जड होती, साडेसहा फुटी माणसाच्या मापाची.

घरी बायका कॉफी आणि ब्रँडीला थांबल्या, बोलल्या, गेल्या. स्तमातिया मागं राहिली आणि कप विसळू लागली. पाठ माझ्याकडं करूनच तिनं विचारलं, “खरं म्हणालीस का गं?”

“काय?”

“तेच. काठावर.”

“प्लास्टिकमुळं झालं, मावशी. पापाच म्हणाले.”

“आणि प्लास्टिक कुणी घातलं?” ती म्हणाली. मग कप पालथा घालून हात पुसत खुर्चीत बसली. “माझ्या नवऱ्यानं मला बावीस वर्षं मारलं. काढला तेव्हा हाडं कशी, मेणासारखी पिवळीधमक, सुवासिक. अख्खं गाव म्हणालं, काय पुण्यवान. मी त्याला पहिल्याच वर्षी माफ करून टाकलं होतं, पुढचं सगळं धरून. नाहीतर रोजचा स्वयंपाक कसा झाला असता माझ्या हातून?” तिला मी सगळं सांगावं असं वाटलं, कांद्यांपासून. पण तिला काय सांगणार? त्या दिवशी मुळं धरोत म्हणायला तीही दारात आली होती, ताटलीत मधातल्या पुऱ्या घेऊन, आणि मी त्या खाल्ल्या होत्या. “तीन वर्षं काय, जातात,” ती उठताना म्हणाली. “मी असेन की नाही कुणास ठाऊक. नसले तर त्याच्याच शेजारची जागा मोकळी आहे, तिथं असेन. दोघांवर एकदमच तेल घाल.”

ती गेल्यावर मी गुद्रुनला फोन लावला. डेनिश बोलताना आता माझी जीभ अडखळते. गुद्रुन म्हणते, तू परदेशी बाईसारखी बोलतेस. मी तिला सांगितलं, सगळं नाही, रेनकोटचं सांगितलं. आणखी तीन वर्षं, म्हटलं. ती आधी हसली, मग हसणं थांबलं. “इंगेर, मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गेल्या महिन्यात जिन्यात पडले ते मी तुला सांगितलं नव्हतं. मला तीन वर्षांचं कुणी लिहून दिलेलं नाही.” “मग एकटीच ये ना,” ती म्हणाली. “त्याला राहू दे तिकडं. त्याला आवडायचं ना तिकडं? सोमवारी बोट आहे म्हणाली होतीस. बस आणि ये.”

ते इतकं साधं होतं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं, दाराकडं पाहिलं. सोमवारी बोट होती. मागच्या सोमवारीही होती. बत्तीस वर्षं दर सोमवारी आणि गुरुवारी बोट होती, उन्हाळ्यात तर रोज. चाळिसाव्या वर्षी होती, पन्नासाव्या वर्षी होती, सिग्ने शिकायला गेली त्या दिवशी तर मी धक्क्यावर तिची बॅग घेऊन उभीच होते. कुणी माझा हात धरला नव्हता. टोर्बेननं एकदा फ्लॅट विकला, हे खरं. पण त्यानंतर रोज सकाळी उठून न जाण्याचं जे काम होतं ते कोण करत होतं? आणि तरी मी सगळं त्याच्या नावावर घालत गेले, आणि तो बिचारा साडेसहा फुटांचा गडी ते उचलत गेला, मेल्यावरसुद्धा.

“इंगेर? ऐकतेयस ना? कोण अडवतंय तुला?”

बत्तीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडावर तयार असायचं. मी तोंड उघडलं आणि ते उत्तर आलं नाही. रडूही आलं नाही, भीती मात्र वाटली, दुपारच्या लख्ख उन्हात. टोर्बेनसाठी आज गावातलं सगळं माणूस ओळीनं येऊन माफ म्हणून गेलं. माझ्यासाठी तसं म्हणायचं तर मलाच म्हणावं लागेल, आणि मला ते म्हणता येणार नाही, आणखी तीन वर्षांनी नाही, तीस वर्षांनीही नाही. मला ठाऊक आहे.

“ती खालच्या मजल्यावरची नर्स खोली मागत होती ना?” मी म्हटलं. “तिला देऊन टाक.”

गुद्रुननं विचारलं, माझ्या खोलीतल्या पडद्यांचं काय करायचं, ते तिनं माझ्यासाठी मुद्दाम शिवून घेतले होते. मी म्हटलं, राहू देत, त्या मुलीला आवडतील.